मदत हवी आहे: १६ आणि १३ वर्षांच्या मुलांची सुट्टी, क्लास सोडून काय?

नमस्कार,

सुट्टी तोंडावर आली आहे आणि घरात त्यावरून बोलणी सुरू झाली आहेत, म्हणून हा धागा. मुलगी १६ वर्षांची, मुलगा १३ चा. आम्ही दोघंही नोकरी करतो, सकाळी बाहेर पडलो की संध्याकाळीच परत. सासूबाई घरी असतात, पण दिवसभर या दोघांच्या मागे लागणं त्यांच्या वयाला झेपणारं नाही आणि ते त्यांच्यावर टाकणं मला पटतही नाही.

लहान मुलांच्या सुट्टीबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं. रंगकाम, कागदकाम, गोष्टींची शिबिरं. तेराव्या वर्षानंतर हे पुढे ठेवलं तर मुलं नुसती आपल्या तोंडाकडे बघतात. आणि जिथे खरं काम असतं तिथे बहुतेक ठिकाणी १८ पूर्ण लागतात. मधल्या या वर्षांचं काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही.

मागच्या सुट्टीत मुलीला चित्रकलेचा क्लास लावला, मुलाला कोडिंगचा. दोघंही कुरकुर न करता गेले. क्लास संपला त्या दिवशी ब्रश धुऊन डब्यात ठेवले गेले ते अजून तिथेच आहेत. मुलाने स्क्रॅचमध्ये (मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या संगणक-साधनात) एक खेळ बनवला होता, मला दाखवला, छान जमला होता. त्यानंतर त्याने तो उघडलेला मी पाहिला नाही. दोघांनाही त्या गोष्टी आवडत नाहीत असं नाही. पण क्लासला गेलं काय, न गेलं काय, कुणाचंच काही अडत नव्हतं, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं असं वाटतं.

याच्या अगदी उलट अनुभवही त्याच सुट्टीतला आहे. माझी मावशी घर बदलत होती. तिच्याकडे आयुष्यभर जमवलेली पुस्तकं, त्यातली कुठली न्यायची आणि कुठली वाचनालयाला द्यायची हे ठरवण्याआधी यादी हवी होती. मुलगी सहज म्हणाली, मी करते. पहिल्या दिवशी तिने वहीत लिहायला घेतलं आणि तासाभरात वही बाजूला ठेवून लॅपटॉप मागितला, कारण एकाच लेखकाची पुस्तकं तीन कपाटांत विखुरलेली होती. मग लेखक आडनावाने लावायचे की पहिल्या नावाने, यावर तिचं आणि मावशीचं चांगलंच वाजलं. मावशी म्हणे आडनावाने, ही म्हणे टोपणनावाने लिहिणाऱ्यांचं काय करायचं मग? शेवटी टोपणनावाचा वेगळा रकाना निघाला. ज्या पुस्तकांना वाळवी लागली होती त्यांच्यापुढे ती लाल खूण करायची आणि मावशीला विचारल्याशिवाय एकही बाजूला टाकायची नाही. सकाळी मी न उठवता उठून जायची. टेम्पो येणार त्याच्या आदल्या रात्री यादी पूर्ण झाली आणि मावशीने ती हातात धरून एकेक कपाट रिकामं केलं.

मुलीचा त्या दिवसांतला चेहरा मला परत बघायचा आहे. म्हणून माझा प्रश्न ‘मुलांना गुंतवून कसं ठेवू’ एवढाच नाही. या वयाच्या मुलांना कुणीतरी वाट बघत असलेलं, खरंखुरं काम कुठून आणायचं? दर सुट्टीत काही मावशी घर बदलणार नाही.

आणखी दोन-तीन गोष्टींवर तुमचं मत हवं आहे.

झोप. वयात येताना शरीराचं घड्याळच एक-दोन तास पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार होऊ लागतं, हे मी वाचलं आहे. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते हेही माहीत आहे. त्यामुळे पहाटे उठवण्याचा माझा हट्ट नाही. पण रात्री दोनला झोपून दुपारी बाराला उठणं सुरू झालं की शाळा उघडताना फार हाल होतात. तुम्ही सीमा कुठे आखता?

पैसे. मुलगा म्हणतो, घरातली कामं करतो, दर ठरवा. यजमानांना यात गैर काही वाटत नाही. मला नीट सांगता येत नाही, पण बरं वाटत नाही.

आणि फोन. ‘फोन काढून घ्या’ हा सल्ला कृपया नको. मुलगी फोनवर व्हिडिओ जोडते, आवाज कापते, त्यावर तासन्‌तास डोकं घालते, ते मला चालतं. नुसतं अंगठ्याने वर ढकलत राहणं वेगळं. हा फरक मुलांना कसा समजावून देता?

प्रतिसाद

मी माध्यमिक शाळेत शिकवते. तुमचा मावशीचा प्रसंग दोनदा वाचला, कारण उत्तर त्यातच आहे. तिला काम अख्खं मिळालं होतं. आपण मुलांना बहुतेक वेळा कामाचे तुकडे देतो: हे आण, ते पूस, एवढं धरून उभा राहा. त्यात ठरवण्यासारखं काही नसतं. टोपणनावांचा रकाना हवा हे तिला सुचलं, कारण यादी कशी करायची हे ठरवायची मुभा तिला होती.

घरातच असं अख्खं काम काढा. उदाहरणार्थ, आठवड्यातल्या एका दिवसाचा स्वयंपाक पूर्णपणे मुलांचा: काय करायचं, काय आणायचं, ठरलेल्या रकमेत कसं बसवायचं, मागचं आवरणं, सगळं. फसलं तरी त्या दिवशी घरात दुसरं काही शिजणार नाही, एवढं मात्र पाळायचं. आजींची जुनी छायाचित्रं असतील तर ती स्कॅन करून, प्रत्येकात कोण आहे हे आजींना विचारून नोंदवणं हेही मोठं काम आहे, आणि त्यात आजींचा दिवसही चांगला जातो. तुमच्या मुलीला आवाज कापता येतो, म्हणजे आजींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून नीट संपादित करणं तिच्या हातचं आहे. नातेवाइकांना त्याची प्रत एका ठरलेल्या तारखेला द्यायची असं आधीच सांगून टाका.

घराबाहेरचं म्हणाल तर झूनिव्हर्स नावाचं संकेतस्थळ बघा. शास्त्रज्ञांकडे इतकी छायाचित्रं आणि नोंदी साठतात की त्या वर्गवारीसाठी सामान्य लोकांपुढे ठेवल्या जातात. जंगलातल्या कॅमेऱ्यांत टिपलेले प्राणी ओळखायचे, जुनी हस्तलिखितं उतरवून काढायची, दीर्घिकांचे आकार सांगायचे. बऱ्याच प्रकल्पांत खातं न उघडताही काम करता येतं. हे सगळं २००७ साली गॅलॅक्सी झू या दीर्घिकांच्या प्रकल्पापासून सुरू झालं. त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला छायाचित्रं चाळताना एका दीर्घिकेशेजारी एक विचित्र चमकणारा ढग दिसला. तिने विचारलं, हे काय आहे? कुणालाच सांगता येईना. तो आजही तिच्या नावाने ओळखला जातो आणि त्यावर शोधनिबंध निघाले आहेत. मी वर्गात हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरचीही मान वर करतात.

पैशांबद्दल तुम्हाला जे खटकतं त्याला आधार आहे. १९७३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडायचं, त्यांतल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात या मुलांनी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांना दिला. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं त्यांची आवड कमी झाली नाही. ती मुलं बालवाडीच्या वयाची होती, तरी मला माझ्या विद्यार्थ्यांत तेच दिसतं. त्यामुळे जे त्याला आवडतं त्याला पैसे लावू नका, आणि स्वतःचं ताट उचलण्यालाही नको. एरवी बाहेरून माणूस बोलावून करून घेतलं असतं अशा कामाला मात्र रीतसर मोबदला द्या, अगदी हिशेब लिहून.

प्रतिसाद

दिवसाचा प्रत्येक तास भरलाच पाहिजे का? आमच्याकडे सुट्टीचा पहिला आठवडा कुणी काही म्हणायचं नाही असं ठरलेलं आहे. वर्षभर घड्याळावर पळालेली असतात पोरं. कंटाळू द्या की. नंतर आपणच विचारायला येतात.

प्रतिसाद

१३ वर्षांच्या मुलाबद्दल लिहितो, कारण मुलीचं वरच्या ताईंनी छान सांगितलं आहे. या वयात हाताला काम हवं. आमच्या भाच्याला मी सायकल उघडायला शिकवली. पंक्चर काढणं ऐकायला सोपं वाटतं. पण टायर रिमवरून उतरवताना ट्यूब चिमटायची नाही, हवा भरून पाण्यात फिरवत बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, ती जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घासायची, सोल्यूशन लावल्यावर ते सुकेपर्यंत धीर धरायचा आणि मगच पॅच दाबायचा. धीर धरणंच पहिल्यांदा जमत नाही. पॅच सुटतो. आणि परत बसवण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवून काटा अजून तिथेच नाही ना हे बघायचं विसरलं की दहा मिनिटांत पुन्हा तेच पंक्चर. हे त्याला एकदा झालं, परत सांगावं लागलं नाही. आता त्याचे मित्र सायकली घेऊन त्याच्याकडे येतात. म्हणजे तुम्ही म्हणता तसं, वाट बघणारं कुणीतरी आपोआप तयार झालं.

शिवाय सायकल चालती असली की तो बाहेर पडतो. या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते यात होऊन जातं.

झोपेचं आम्ही एकच धरून ठेवलं: सुट्टीत उठायची वेळ शाळेच्या वेळेपेक्षा दोन तासांहून जास्त सरकवायची नाही. झोपायची वेळ त्याची त्याने ठरवायची. उठणं पक्कं असलं की झोपणं आपसूक मागे येतं. शाळेआधीच्या शेवटच्या आठवड्यात रोज थोडं थोडं अलीकडे आणतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना दोघांसमोर हे वाचून दाखवलं. पैशांचं ऐकून मुलगा जरा हिरमुसला, पण ‘बाहेरचा माणूस बोलवावा लागेल असं काम’ यावर त्याने लगेच पंख्यांची पाती आणि माळा अशी यादी सुरू केली. माळ्यावर एकट्याने चढायचं नाही, एवढी अट यजमानांनी घातली आहे.

मुलीला आजींच्या आठवणींची कल्पना पटली, पण तिने त्यात बदल केला. सगळं आयुष्य नको म्हणाली, फक्त लग्नाआधीचं, कारण नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई आधी नको नको म्हणाल्या, आणि सकाळी मला हळूच विचारलं, कधी सुरू करायचं म्हणून. तिला प्रथमोपचारही शिकायचा आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, तीही ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हे तिने कुठेतरी पाहिलं आणि उशीवर करून बघत होती. उशीवर अंदाज येत नाही, हे तिचं तिलाच कळलं. पुतळ्यावर सराव करून घेणारा वर्ग शोधते आहे. १६ व्या वर्षी प्रवेश देतात का, कुणाला अनुभव असेल तर सांगा.

कंटाळ्याबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांचं मला पटलं. पहिला आठवडा मोकळा सोडते आहे.

फोनवर मात्र कुणी फारसं बोललं नाही. घरात आत्ता एवढंच ठरलं आहे की दुपारचे दोन तास सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत, सासूबाईंचाही. आम्ही दोघं ऑफिसात असताना हे पाळलं जाईल का, आणि नाही पाळलं तर लांबून टोकायचं की संध्याकाळपर्यंत गप्प बसायचं? ज्यांच्या घरी असा नियम टिकला आहे त्यांनी तो कसा टिकवला ते लिहा. मुलं वाचणार आहेत हा धागा, तेव्हा त्यांच्याही बाजूने लिहिलंत तर बरं.