प्रश्नमंजूषेतील ४५१ वर्षे आणि आपला फोंडा

ए-१०२ (सचिव) : सर्वांना नमस्कार. १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनानिमित्त आपल्या इमारतीच्या सभागृहात होणाऱ्या प्रश्नमंजूषेसाठी सी-३०४ मधील दादांनी वीस प्रश्न तयार करून काल रात्री या ग्रुपवर पाठवले आहेत. कोणाला दुरुस्ती किंवा भर सुचवायची असल्यास रविवारपर्यंत येथेच लिहावे, म्हणजे सोमवारी प्रती काढता येतील.

बी-२०१ (निवृत्त शिक्षक) : सी-३०४ मधील दादांचे प्रथम मनापासून आभार, कारण हे काम स्वतःहून अंगावर घेणारे ते पहिलेच. वीसही प्रश्न मी दोनदा वाचले. त्यांतले बहुतेक समुद्रकिनारे, कार्निव्हल, फेणी आणि जुने गोवे येथील चर्च यांच्यावर आहेत, आणि ज्या फोंड्यात आपण सगळे राहतो त्याच्यावर एकही नाही. हा दोष दादांचा नाही. बाहेरच्या माणसापर्यंत गोव्याची जेवढी माहिती पोहोचते ती किनाऱ्यालगतची असते, आणि ती इतक्या वेळा ऐकवली जाते की पुढे तीच संपूर्ण गोव्याची माहिती समजली जाते.

पहिलाच प्रश्न घ्या. ‘पोर्तुगिजांनी गोव्यावर किती वर्षे राज्य केले?’ याचे उत्तर ४५१ असे दिले आहे. गोवा मुक्त झाला त्या १९६१ मधून पोर्तुगिजांनी तो जिंकला ते १५१० वजा केल्यास ४५१ येतात, यात चूक नाही. परंतु ते उत्तर तिसवाडीचे, म्हणजे पणजी आणि जुने गोवे ज्यात येतात त्या महालाचे आहे. बारदेश आणि सासष्टी हे महाल १५४३ मध्ये कायमचे त्यांच्याकडे गेले, आणि या तीन महालांनाच जुनी काबिजाद, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख, म्हणतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा बाकीचा मुलूख, जो क्षेत्रफळाने जुन्या काबिजादीपेक्षा कितीतरी मोठा आहे, तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती लागला, म्हणून ती नवी काबिजाद. आपला फोंडा आधी आदिलशाहीत होता, १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी इथला किल्ला घेतला, १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्वतः येऊन घातलेला वेढा संभाजी महाराजांच्या फौजेने उठवायला लावला, आणि पुढे हा प्रदेश सोंदेकर राजांकडे (सोंदे हे आजच्या कर्नाटकातले) असताना हैदर अलीने सोंदे जिंकले तेव्हा, १७६३ मध्ये, फोंडा पोर्तुगिजांकडे गेला. म्हणजे आपण ज्या जमिनीवर राहतो तिच्यावर त्यांचे राज्य १९८ वर्षे होते. आपल्या मुलांनी ४५१ असे उत्तर लिहून गुण मिळवावेत हे मला पटत नाही.

सी-३०४ : सर, आपण इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल आभारी आहे. मी मूळचा पुण्याचा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागून मला चार वर्षे झाली, आणि हा आकडा मी शाळेपासून पाठ करत आलो आहे. तो तालुक्यागणिक बदलतो हे मला आज पहिल्यांदा कळले. मात्र एक गोष्ट नम्रपणे मांडतो. आमच्यासारख्यांना गोव्याविषयी कमी माहिती असते ती अनास्थेमुळे असते असे नाही. गेल्या वर्षी माझे आईवडील आले असताना त्यांना सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव असलेली बाँ जेझूस बासिलिका पाहायची होती. मी भाड्याच्या गाडीच्या चालकाला ‘गोवा वेल्हा’ असे सांगितले, कारण मला तेच जुन्या गोव्याचे नाव वाटत होते, आणि आम्ही झुवारीच्या बाजूच्या एका गावात जाऊन उतरलो. वडिलांचे गुडघे दुखत असल्यामुळे पुढचा कार्यक्रम रद्द करावा लागला. दोन्ही नावांचा अर्थ एकच असताना गावे दोन का, हे त्या दिवशी मला कोणीही सांगू शकले नाही.

बी-२०१ : दादा, हा प्रश्न तुमच्या यादीत हवा होता, कारण तो अनुभवातून आलेला आहे. गोवा वेल्हा म्हणजे थोरले गोवे, कदंब राजांच्या काळातले गोपकपट्टण हे झुवारीकाठचे बंदर. ते मागे पडल्यावर मांडवीकाठी दुसरे शहर वाढले, पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी जिंकले ते हे दुसरे, आणि त्यालाच आज आपण जुने गोवे म्हणतो. पुढे रोगराईने तेही ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. आपल्या रोजच्या बसवर ज्यांचे नाव आहे ते हेच कदंब. ते नाव झाडावरून पडले असे समजणारे मला बाहेरचेही भेटले आहेत आणि फोंड्यात जन्मलेलेही.

आणखी एक दुरुस्ती सुचवतो. सातव्या प्रश्नात गोवा वास्को द गामाने जिंकला असे गृहीत धरले आहे. तो १४९८ मध्ये कालिकतला उतरला आणि १५२४ मध्ये कोचीला वारला. मुरगाव तालुक्यातल्या शहराला त्याचे नाव दिलेले असल्यामुळे हा समज पसरला आहे. तो प्रश्न काढून टाकावा.

ए-४०३ : सरांच्या आणि दादांच्या बोलण्यात मी थोडी भर घालते. बाहेरच्या माणसाला काहीच माहीत नसते असे मात्र सरसकट म्हणू नये. माझे माहेर गिरगावचे. आमची कुलदेवता कवळ्याची श्री शांतादुर्गा. माझी आजी आयुष्यात चार वेळाच गोव्यात आली, पण देवी मूळची केळशीची, तिथून तिला रातोरात नदीपलीकडे आणले, हे ती आम्हाला लहानपणापासून सांगत असे. तिने केळशी कधी पाहिली नव्हती. उलट इथे राहायला आल्यावर मी आमच्या मजल्यावरच्या मुलांना विचारले, की एवढी मोठी देवळे सगळी फोंड्यातच का, तेव्हा ‘इथे जागा जास्त होती म्हणून’ असे उत्तर मिळाले.

बी-२०१ : वहिनी, तुमच्या आजींच्या तोंडून आलेली ही गोष्ट आपल्या प्रश्नमंजूषेचा गाभा व्हावी असे मला वाटते. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीतली देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी आपले देव उचलले आणि नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात आणले, कारण नदीच्या या बाजूला आदिलशाही होती आणि पोर्तुगिजांचा हुकूम इथे चालत नव्हता. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला आणि त्या वाड्याचे नावच मंगेशी झाले. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, लोटलीचा रामनाथ रामनाथीला आला, चोडणची देवकीकृष्णाची मूर्ती माशेलला आली. बांदोड्याचा नागेश मात्र इथलाच आहे, तो कुठूनही आणलेला नाही. त्याच्या आवारात विजयनगरच्या काळातला १४१३ चा शिलालेख आहे, आणि आपल्या फाटकापासून तिथे जायला दुचाकीवर दहा मिनिटेही लागत नाहीत. कवळ्याचे आजचे देऊळ छत्रपती शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकात उभे राहिले, आणि १७३९ मध्ये मंगेशी गाव पेशव्यांनी देवस्थानाला इनाम दिला. महाराष्ट्रातून दरवर्षी हजारो कुटुंबे कुलदेवतेच्या दर्शनाला येतात, ओटी भरतात, प्रसाद घेतात आणि दुपारी कळंगुटकडे निघतात. नदीच्या त्या तीरावरची ती मूळ गावे पाहण्याची इच्छा त्यांच्यातल्या फार थोड्यांना होते, याचे मला दरवेळी वाईट वाटते.

सी-१०५ : मी गोव्यातच जन्मलो आणि वाढलो, तरी यातल्या निम्म्या गोष्टी मला ठाऊक नव्हत्या हे प्रामाणिकपणे कबूल करतो. आम्हाला शाळेत मौर्य आणि मोगल शिकवले, कदंब एका परिच्छेदात उरकले. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी, म्हणजे फळे टांगलेल्या चौकटीसाठी, कवंडळे, आंबाडे आणि सुपारीचे घोस आम्ही बाजारातून आणतो, पण त्यातली निम्मी रानफळे आता माझ्या मुलीला ओळखता येत नाहीत. माटोळीवर दोन प्रश्न ठेवावेत आणि फळे प्रत्यक्ष दाखवून विचारावेत, अशी सूचना करतो. डिसेंबरात सगळी मिळणार नाहीत, म्हणून छायाचित्रे चालतील.

बी-३०२ : माझा एक वेगळा मुद्दा आहे. मी कोल्हापूरची. आमच्या नातेवाइकांत अजून असा समज आहे की गोव्यात ख्रिस्ती समाज बहुसंख्य आहे आणि लोक घरी पोर्तुगीज बोलतात. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात हिंदू ६६ टक्के आणि ख्रिस्ती २५ टक्के आहेत, हे मी कामासाठी पाहिले म्हणून मला माहीत आहे. हा प्रश्न घ्यावा का? आणि १९६७ च्या जनमत कौलावर विचारलेले चालेल का? आपल्या इमारतीत दोन्ही बाजूंची घरे आहेत, म्हणून विचारते.

बी-२०१ : दोन्ही प्रश्न अवश्य घ्यावेत. महाराष्ट्रातून आलेल्या आपल्या शेजाऱ्यांना तर जनमत कौलाची माहिती असायलाच हवी, कारण तो कौल त्यांच्याच राज्यात जायचे की नाही यावर झाला होता. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले, विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. स्वतंत्र घटक राज्य हा पर्याय त्या दिवशी मतपत्रिकेवर नव्हताच, ते ३० मे १९८७ रोजी मिळाले. माझे वडील फुलाच्या बाजूने होते आणि माझे मामा दोन पानांच्या. त्या वर्षीच्या चवथीला मामा आमच्याकडे आले नाहीत, आणि पुढच्या वर्षी आले तेव्हा माटोळी बांधायला वडिलांबरोबर स्टुलावर उभे होते. ज्या गोष्टीवर एका घरातली माणसे मनापासून भांडली आणि पुन्हा एकत्र आली, ती मुलांपासून लपवून ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

सी-३०४ : सर, मला एकच विनंती करायची आहे. प्रश्न इतके कठीण होऊ नयेत की बाहेरून आलेल्या घरांतली मुले पहिल्या फेरीनंतर उठून जातील. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, आणि गोवा त्याने माझ्यापेक्षा लवकर आपला मानला आहे.

बी-२०१ : तुमचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. माझ्या पहिल्या संदेशात परीक्षकाचा सूर आला असेल तर तो मी मागे घेतो. प्रश्न कठीण असण्यापेक्षा जवळचे असावेत. ‘आपल्या बसला कदंब हे नाव का?’, ‘मंगेशी येण्याआधी मंगेश कुठे होता?’, ‘जुने गोवे आणि गोवा वेल्हा यांपैकी मांडवीकाठी कोणते?’ असे विचारले तर आठ वर्षांचे मूलही घरी जाऊन पुन्हा विचारील. किनाऱ्याचेही प्रश्न राहू देत. फेणीचा ठेवा, कार्निव्हलचा एक ठेवा, आणि पणजीला मांडवीकाठी आबे फारिया यांचा पुतळा आहे त्यावरचा तर नक्की ठेवा. कांदोळीला जन्मलेला हा माणूस संमोहनविद्येच्या इतिहासात मोठा मानला जातो, आणि पुतळ्यापाशी थांबणारे बहुतेक पर्यटक तो कोणाचा आहे हे न विचारताच पुढे जातात.

ए-१०२ (सचिव) : सर्वांच्या सूचना एकत्र करून यादी बदलली आहे. पहिला प्रश्न आता ‘फोंडा तालुका पोर्तुगिजांच्या ताब्यात कोणत्या वर्षी गेला?’ असा आहे. वास्कोचा प्रश्न काढला आहे, माटोळीचे दोन आणि जनमत कौलाचा एक घेतला आहे, आणि ए-४०३ मधील वहिनींनी आजींची आठवण कार्यक्रमाच्या सुरुवातीला पाच मिनिटे सांगण्याचे मान्य केले आहे. येत्या शनिवारी सकाळी साडेसात वाजता सर मुलांना नागेशीचा शिलालेख दाखवायला नेणार आहेत. आतापर्यंत अकरा मुलांची नावे आली आहेत, त्यांत सी-३०४ मधील मुलाचे नाव पहिले आहे. ज्यांच्याकडे चारचाकी आहे आणि परत येताना मुलांना केळशीपर्यंत नेणे ज्यांना शक्य आहे, त्यांनी आज रात्रीपर्यंत मला कळवावे.