ब्रसेल्सहून एका दिवसात ब्रूज की गेंट? एकटीच जाणार आहे

रानजाई
नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामानिमित्त नोव्हेंबरच्या मध्यावर दोन आठवडे ब्रसेल्सला आहे. मधला एकच शनिवार माझा. सोबतचे दोघे त्या दिवशी पॅरिसला पळणार आहेत, मला ती धावपळ नको. सकाळी ट्रेनने जाऊन रात्री परत येता येईल असं एखादं जुनं शहर एकटीने बघायचंय. ब्रूज आणि गेंट एकाच मार्गावर दिसतायत. दोन्ही एका दिवसात होतील का?

शाकाहारी आहे, अंडं चालतं. डावा गुडघा कुरकुरतो. वय ४७, परदेशात एकटीने फिरायची पहिलीच वेळ. घरी "त्यापेक्षा ग्रुप टूर घे" असं चाललंय, तेव्हा त्यांना वाचून दाखवता येईल असं काहीतरी ठोस लिहा.

फिरस्ता_७७
होतात की. आम्ही केली. ब्रसेल्सहून ब्रूज साधारण तासभर, तिथून परत येताना गेंट, मध्ये पंचवीसेक मिनिटं. सकाळी सातला निघा.

मु_पो_लूव्हन
दोन्ही होतात, म्हणजे दोन्हींचे फोटो होतात. नोव्हेंबरच्या मध्यावर इथे बेल्जियममध्ये पाचच्या सुमारास अंधार पडतो. सकाळी उजाडतंही उशिरा. म्हणजे उजेडाचे जेमतेम आठ-नऊ तास, त्यातले दीड-दोन ट्रेन, ट्राम आणि रस्ता शोधण्यात. ताई, एकच शहर करा, आणि तुमच्या बाबतीत ते गेंट असावं असं माझं मत. नऊ वर्षं इथे राहतोय, दर वर्षी पाहुण्यांना दोन्हीकडे नेतो, म्हणून बोलतोय.

आधी ट्रेनचं. देशांतर्गत गाड्यांना आरक्षण नसतं. तिकीट त्या तारखेचं असतं, ठरावीक गाडीचं नाही. एक चुकली तर पुढची, जीव टाकायचं कारण नाही. तिकीट मात्र चढण्याआधी काढा, गाडीत काढलं तर जादा पडतात. आदल्या रात्री रेल्वेच्या ॲपवर एकदा नजर टाका, कारण संप हा इथला पाचवा ऋतू आहे.

गोंधळ होतो तो नावांचा. ब्रसेल्समध्ये पाट्या फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांत असतात. गेंट म्हणजे फ्रेंचमध्ये 'गाँ'. ज्या स्टेशनला फ्रेंचमध्ये 'मिडी' म्हणतात तेच डचमध्ये 'झाउड'. शहराबाहेर पडून फ्लँडर्समध्ये, म्हणजे डच बोलणाऱ्या भागात, शिरलं की गाडीतल्या घोषणा फक्त डचमध्ये. तुम्हाला उतरायचंय 'गेंट-सिंट-पीटर्स'ला, ब्रसेल्सच्या सेंट्रल स्टेशनहून पाऊण तासाच्या आत. हे स्टेशन १९१३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलं होतं आणि ते गावापासून बरंच लांब आहे. चालत अर्धा तास लागेल. गुडघा आहे तर सरळ ट्राम घ्या आणि गावाच्या मध्यावरच्या कोरनमार्क्ट चौकात उतरा. ट्राममध्ये बँकेचं कार्ड टेकवलं की झालं.

आता गुडघ्याचं. ब्रूजच्या घंटाघराला ३६६ पायऱ्या, लिफ्ट नाही. गेंटच्या घंटाघराला पहिल्या टप्प्यानंतर लिफ्ट आहे. माझ्या सासूबाई वर जाऊन आल्या, एवढं सांगितलं की पुरे.

रानजाई
वा, सासूबाईंचा दाखला घरी लगेच चालला. तिथे नेमकं बघायचं काय? तीन-चारच गोष्टी सांगा, पंधरा नकोत.

मु_पो_लूव्हन
एकच सांगायची तर सेंट बाव्हो कॅथेड्रलमधलं व्हॅन आइक बंधूंचं अनेक फलकांचं वेदीचित्र, १४३२ सालचं. वेळेचं तिकीट आधी काढा. शनिवार आहे ते बरं, रविवारी सकाळी प्रार्थना असल्यामुळे दुपारनंतरच बघायला मिळतं.

चित्राच्या मध्यभागी वेदीवर उभं असलेलं कोकरू नीट बघा. सोळाव्या शतकात कुणीतरी त्यावरून रंग फिरवून त्याला साधं मेंढीचं तोंड दिलं होतं. अलीकडे तो थर काढला तर खालून निघाले समोर रोखलेले, जवळजवळ माणसाचे डोळे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दचकलोच. खालच्या ओळीत अगदी डावीकडचा फलक मात्र नक्कल आहे. 'न्यायी न्यायाधीश' नावाचा मूळ फलक १९३४ मध्ये चोरीला गेला, तो आजतागायत सापडलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी उरलेलं सगळं चित्र पळवून ऑस्ट्रियात मिठाच्या खाणीत दडवलं होतं. तिथून ते परत आलं, हा फलक काही आला नाही.

मग ग्राव्हनस्टीन, म्हणजे काउंटचा किल्ला. ११८० चा, ऐन गावात. आत गोल जिने आहेत, जपून. ऑडिओ गाइड एका विनोदवीराने केलाय, तो जरूर ऐका. १६ नोव्हेंबर १९४९ ला बिअर महागली म्हणून शंभराहून जास्त विद्यार्थ्यांनी हा किल्ला ताब्यात घेतला आणि खाली आलेल्या पोलिसांवर सडकी फळं फेकली. तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत जाताय. बिअरचे भाव बघून ठेवा.

कोपऱ्यातली_खुर्ची
माझं मत उलट. पहिल्यांदा जाताय तर ब्रूजच बघा. कालवे, विटांची घरं, शिवाय चर्च ऑफ अवर लेडीमध्ये मायकेलँजेलोचं माता-बालकाचं शिल्प. समुद्राकडची झ्विन खाडी गाळाने भरली, व्यापार अँटवर्पला गेला आणि ब्रूज जिथल्या तिथे थांबलं. म्हणून तर ते इतकं जसंच्या तसं उरलं. एकटीला तर तिथे हरवायलाही मजा येते.

मु_पो_लूव्हन
हे सगळं मान्य, आणि जूनमध्ये मीही तेच सांगितलं असतं. पण नोव्हेंबरात अंधार पडला की ब्रूजचे दिवसाचे पाहुणे निघून जातात आणि गल्ल्या रिकाम्या होतात. कुणाला ते आवडतं. पहिल्यांदाच एकट्या फिरणाऱ्या बाईला आवडेलच असं नाही. गेंटला विद्यापीठ आहे, रात्री दहालाही रस्त्यावर सायकली आणि पोरंपोरी असतात.

पोटोबा
खाण्याचा मुद्दा राहिला. ताई, बेल्जियमच्या फ्राइज बटाट्याच्या असल्या तरी बऱ्याच ठिकाणी त्या गाईच्या चरबीत तळतात. मला हे चौथ्या पुडक्यानंतर कळलं! आधी विचारा, गेंटमध्ये इंग्रजी सर्रास चालतं. वॉटरझोई नावाचं गेंटचं स्टू कोंबडीचं किंवा माशांचं असतं, ते तुमच्या कामाचं नाही.

पण शाकाहाऱ्यांसाठी गेंटइतकं सोपं गाव त्या भागात नाही. गुरुवारी मांस खाऊ नये अशी मोहीम या शहराने २००९ मध्ये चालू केली, तेव्हापासून मेनूवर शाकाहारी पदार्थ असणं गृहीतच आहे. हॉटेलात साधं पाणी मागितलं तरी बहुतेक बाटलीच आणतात आणि तिचे पैसे लावतात. जवळ भरलेली बाटली ठेवा. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणीही ठेवा.

आणि ग्रूनटेनमार्क्टला, म्हणजे त्यांच्या जुन्या भाजीबाजारात, १७९० पासून मोहरी बनवणाऱ्या टिरेंटेनचं दुकान आहे. पिंपातून काढून बरणीत भरून देतात. आपल्या फेसलेल्या मोहरीसारखी थेट नाकात जाते.

मागावरचा
थोडं अवांतर, पण आम्हा इचलकरंजीकरांना राहवत नाही. गेंट हे मुळात कापडाचं गाव. मध्ययुगात इंग्लंडची लोकर आणून विणायचे. १८०० च्या आसपास लीव्हन बाउवेन्स नावाच्या गृहस्थाने इंग्लंडमधून सूतकताईचं यंत्र सुटे भाग करून चोरून आणलं आणि इथे गिरण्या उभ्या राहिल्या. त्याचा चौकात पुतळा आहे. चोरीबद्दल पुतळा! जुन्या गिरणीतच उद्योग संग्रहालय केलंय. मी कॅथेड्रल सोडून तिथे तीन तास होतो, बायको अजून ऐकवते.

रानजाई
गेंट पक्कं. सुरक्षिततेचं काय?

मु_पो_लूव्हन
गेंटपेक्षा ब्रसेल्सच्या मोठ्या स्टेशनांवर पर्स सांभाळा, विशेषतः गाडीत चढताना. रात्री उशीर झाला तर मिडीऐवजी सेंट्रलला उतरा. आणि अंधार पडल्यावर लगेच परत फिरू नका, या गावाची रोषणाई खरंच बघण्यासारखी आहे. किल्ल्यासमोरच्या चौकातले दिवे प्रसूतिगृहाशी जोडलेत. बाळ जन्मलं की आईबाप बटण दाबतात आणि चौकातले दिवे उजळतात.

रानजाई
जाऊन आले! उशिरा लिहितेय, माफी.

गाडीत पहिली वीस मिनिटं मोबाइलवरचा नकाशा हातात धरून बसले होते. डच घोषणेतलं फक्त 'गेंट' कळलं, तेवढं पुरलं. कोकरासमोर बराच वेळ उभी होते. मागून एक शाळेची सहल आली आणि गेली, मी तिथेच. घंटाघरावर लिफ्टने गेले, फोटो थेट घरच्या ग्रुपवर. किल्ल्याचे जिने अर्ध्यात सोडले, गुडघ्याने नाही म्हटलं. दुपारी एका खाणावळीत एकटीने टेबल मागताना उगाच अवघडले, पण शेजारच्या तिन्ही टेबलांवर एकेकच माणूस होतं. मसूर आणि भाजलेल्या भोपळ्याचं काहीतरी खाल्लं, छान होतं. संग्रहालय राहिलं, मागावरचा यांनी क्षमा करावी.

संध्याकाळी त्या चौकात पावसात वीस मिनिटं दिव्यांकडे बघत उभी होते. काही उजळलं नाही. शेवटी ट्राम पकडली.

आता तातडीचा प्रश्न. मोहरीच्या तीन बरण्या घेतल्यात. परवा विमान आहे, केबिन बॅगेत चालतील का?

पोटोबा
नाही हो! १०० मिलीच्या वरचं असलं काही तिथे चालत नाही, काढून घेतील. चेक-इनच्या बॅगेत, मोज्यांत गुंडाळून. आणि घरी पोचल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, ती फार दिवस टिकत नाही.