'आयसीयूबाहेर नळी': बाहेर म्हणजे कुठे, आणि नळी कसली?

अनुवादक : एका संमतिपत्राचा मराठी मसुदा तपासतेय. या ओळीवर अडले: 'अत्यवस्थ रुग्णास अतिदक्षता विभागाबाहेर अंतःश्वासनलिका नलिकाप्रवेशन करावे लागल्यास…' सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाहेर म्हणजे आपण बसतो तिथे? बाकड्यांवर?" हसू आलं, पण चूक त्यांची नाही. आयसीयूबाहेर म्हटलं की आपल्याला चपला आणि डबे घेऊन बसलेले नातेवाईकच दिसतात. काय लिहावं?

भूलतज्ज्ञ : 'बाहेर' काढून टाका. 'वॉर्डात किंवा कॅज्युअल्टीत' लिहा. आम्हीही "वॉर्डातच ट्यूब टाकली, मग वर आयसीयूत हलवलं" असंच बोलतो.

'नलिकाप्रवेशन' तर नकोच. शरीरातली ती नलिका आणि प्लास्टिकची ती नळी, हा भेद मराठीने आपसूक केलेला आहे. तो पाळला की 'श्वासनलिकेत नळी' एवढ्यात भागतं. हा नुसता शब्दांचा कीस नाही हं. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांची तोंडं घशात शेजारीशेजारी असतात. नळी चुकून अन्ननलिकेत गेली आणि लक्षात आलं नाही, तर हातात मिनिटंच उरतात. ती योग्य जागी आहे याची खात्री करायला उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतात. ब्रिटनमध्ये 2011 साली श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांचा देशव्यापी अहवाल निघाला. आयसीयूतल्या अशा दुर्घटनांत मृत्यू किंवा मेंदूला कायमची इजा झालेल्यांपैकी 74 टक्क्यांमध्ये हे मोजमाप न होणं हे एक कारण होतं. वॉर्डात तर ते यंत्र हाताशी असेलच असं नाही.

आणि 'किरकोळ धोका' असं कुठे लिहिलं असेल तर तेही खोडा. 29 देशांतल्या 2,964 अत्यवस्थ रुग्णांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 45 टक्के रुग्णांना नळी घालताना किंवा लगेच नंतर मोठी गुंतागुंत झाली. बहुतेकदा रक्तदाबच कोसळला. ऑपरेशनसाठी आलेला धडधाकट माणूस वेगळा, हा वेगळा.

निवृत्त परिचारिका : ताई, नुसतं 'नळी' लिहू नका. "नळी टाकायचीय, सही करा" म्हटलं की माणसं पटकन सही करतात, कारण त्यांना नाकातली, पातळ जेवण द्यायची नळी वाटते. मग आत येऊन बघतात तर तोंडात नळी, गालावर चिकटपट्टी, माणूस झोपेच्या औषधाखाली. "सकाळी बोलत होते हो!" हे मी किती वेळा ऐकलंय. 'श्वासाची नळी' म्हणा. आणि ती असेपर्यंत बोलता येणार नाही, हेही त्याच ओळीत लिहा.

अनुवादक : मग सरळ 'व्हेंटिलेटर' लिहू का? सगळ्यांना कळतो.

निवृत्त परिचारिका : कळतो म्हणूनच घोळ. 'कारखाना व्हेंटिलेटरवर', 'युती व्हेंटिलेटरवर' असल्या मथळ्यांनी त्याचा अर्थच शेवटची घटका असा करून ठेवलाय. बरे होऊन घरी जाणारेही असतात की! शिवाय नळी वेगळी, यंत्र वेगळं. वॉर्डातून वर नेताना लिफ्टमध्ये बऱ्याचदा यंत्र नसतंच, कुणीतरी अंबू दाबत असतं.

अनुवादक : अंबू? संस्कृतातलं अंबु, पाणी?

भूलतज्ज्ञ : पाण्याचा काही संबंध नाही! हाताने दाबून रुग्णाला हवा द्यायच्या, सोडली की आपोआप फुगणाऱ्या पिशवीचं ते डॅनिश व्यापारी नाव. 1956 च्या सुमाराचं. गंमत म्हणजे त्याआधी, 1952 च्या पोलिओच्या साथीत, डेन्मार्कमध्येच, कोपनहेगनला, ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णांच्या गळ्याला छिद्र पाडून त्यात नळी बसवायला लावली, आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून हाताने पिशवी दाबत बसले. त्यातूनच पुढे आयसीयूची कल्पना आली. म्हणजे तेव्हा 'आयसीयूबाहेर' म्हणायला आयसीयूच नव्हता. ती गळ्यातली नळी मात्र तुमच्या मसुद्यातली नव्हे. तिच्यासाठी वेगळं संमतिपत्र लागतं.

अनुवादक : आता असं केलंय: 'प्रकृती अत्यवस्थ झाल्यास वॉर्डातच, तोंडातून श्वासनलिकेत श्वासाची नळी घालावी लागू शकते. ती असेपर्यंत रुग्णाला बोलता येणार नाही.' सासूबाईंना पटलं. फक्त विचारतायत, घालावी की टाकावी?

निवृत्त परिचारिका : बोलताना आम्ही टाकतोच. लिहिताना घाला. टाकतात तो कचरा.