हरान (तुर्कस्तान): एवढ्या कमी पावसात कापूस कसा? आणि घरं मातीचीच का?

भीमाकाठ, सोलापूर
सीरियाच्या सीमेजवळ, शान्लिउर्फा प्रांतातलं हरान. वर्षाचा पाऊस जेमतेम ३०० मिमीच्या आसपास. सोलापुरात याहून कितीतरी जास्त पडतो, तरी उन्हाळ्यात टँकर लागतात. मग तिथे कापूस कशावर पिकतो? आणि ती टोकदार मातीची घरं म्हणजे आपलं माळवदच (मातीचं सपाट छप्पर) का?

पांढरीची माती
माळवद नव्हे. माळवदाला तुळया, किलचन (तुळयांवरच्या लाकडी पट्ट्या) आणि वर पांढरी माती, म्हणजे लाकूड आलंच. हरानच्या मैदानात लाकडाचीच वानवा. म्हणून चौकोनी खोलीवर विटेचा एकेक थर खालच्यापेक्षा जरा आत सरकवत शंकू मिटवत नेतात. खालून आधाराची फळी लागत नाही. मात्र त्यामुळे खोली फार रुंद करता येत नाही. मोठं घर हवं तर शंकू शेजारी शेजारी बांधून मध्ये कमानी काढायच्या. टोकाच्या भोकातून धूर आणि गरम हवा निघून जाते. जपायची जागा दोन शंकूंमधली घळ, पाणी तिथेच साचतं. भुसा घातलेल्या मातीचा गिलावा वेळच्या वेळी केला नाही तर आतली वीट भिजते.

टेलचं पाणी
पाऊस तिथे हिवाळ्यात पडतो, त्यावर गहू आणि बार्ली येतात. कापूस उन्हाळ्यातला, त्याला पाटपाणीच हवं. ते युफ्रेटिसवरच्या अतातुर्क धरणातून प्रत्येकी २६.४ किमीच्या दोन समांतर बोगद्यांतून येतं, १९९५ पासून.

पुढचं दुखणं आपल्या ओळखीचं. मैदानाचा उतार दक्षिणेला आक्चाकालेकडे. वरचे शेतकरी मोकाट पाणी सोडतात, खाली भूजल वर चढतं, ते उन्हाने उडालं की मीठ वरच राहतं. कापूस ७.७ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत (मातीतले क्षार मोजायचं माप) क्षार निभावतो म्हणून तिथे अजून तग धरून आहे. उसाचं उत्पादन १.७ पासूनच घटू लागतं. उजनीच्या लाभक्षेत्रात ऊस लावणाऱ्यांनी हा फरक बघावा.

भीमाकाठ, सोलापूर
जिप्सम टाकून भागत नाही का?

टेलचं पाणी
आधी माती तपासा. सामू (pH) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं) १५ टक्क्यांहून जास्त असेल तर जमीन चोपण, तिथे जिप्समचा उपयोग. नुसती खारवट असेल तर जिप्सम म्हणजे पैसे पाण्यात. गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढावे लागतात. निचरा दोन्हीकडे आधी. निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले आणि त्यांचं तोंड ओढ्याच्या पातळीखाली गेलं, तर ओढ्याचंच पाणी उलटं शेतात शिरतं.