सातेरी माश्या मिळत्याजुळत्या रंगांतला फरक शिकत नाहीत, कुठे अडतंय?

कुंभा:
बीएस्सीचा प्रकल्प आहे. सातेरीची (आपल्याकडच्या देशी मधमाशीची) पेटी, तिच्यापासून २० मीटरवर टेबल. निळ्या कार्डावर १ मोलर साखरपाणी (लिटरला ३४२ ग्रॅम) ठेवून माश्यांना सवय लावली. मग चाचणीत तेच निळं आणि किंचित हिरवट निळं, अशी दोन कार्डं शेजारी मांडली, दोन्हींवर नुसतं पाणी. माश्या दोन्हींवर सारख्याच बसतात. निळं-पिवळं ठेवलं तर मात्र बरोबर निळ्यावर जातात. सातेरीची नजर मेलिफेरापेक्षा (युरोपियन मधमाशीपेक्षा) कमी पडते, की फेऱ्या वाढवायच्या?

पर्णपाचू:
नजरेचा संबंध नसावा. नुसत्या फेऱ्या वाढवूनही फारसं हाती लागणार नाही. 'निळं म्हणजे गोड' एवढंच तुम्ही शिकवलंत. कुठलं निळं, हा प्रश्न माशीपुढे आलाच नाही. मेलिफेरावर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: एकट्या रंगावर शिकवलेल्या माश्या जवळच्या रंगांत गोंधळल्या, पण बक्षिसाचा आणि बिनबक्षिसाचा रंग शिकवतानाच एकत्र ठेवला तेव्हा त्याच जोडीतला फरक त्यांना जमला.

म्हणून दोन्ही रंग पहिल्या फेरीपासून समोर हवेत. प्रत्येक रंगाची चार-चार छोटी कार्डं घ्या आणि प्रत्येकावर १० मायक्रोलिटरचा थेंब ठेवा. थेंब मोठा झाला तर माशी एकातच पोट भरून पेटीकडे निघते आणि त्या फेरीत तिचा एकच निर्णय मिळतो. लहान थेंबांमुळे तिला पुन्हापुन्हा निवडावं लागतं. ती पेटीत गेली की कार्डांच्या जागा बदला. पण एकाआड एक अशी ठरावीक अदलाबदल नको, माशी तोच क्रम शिकेल. चिठ्ठ्या टाकून ठरवा.

आणि एका वेळी एकच माशी. पाठीवर रंगाचा ठिपका द्या, बाकीच्यांना दूरच्या बशीवर गुंतवून ठेवा. गर्दीत माशी रंग बघत नाही, दुसरी जिथे बसलीय तिथे बसते.

रानजाई:
वासाचं विसरू नका. माश्या बक्षिसाच्या कार्डावर स्वतःचा वास सोडतात, मग रंग न बघताही 'बरोबर' उत्तर येतं. दर फेरीनंतर दोन्ही रंगांची कार्डं ३०% इथेनॉलने पुसा, पूर्ण वाळू द्या. चाचणीला न वापरलेली कार्डंच.

कागदही तपासा. माशीला अतिनील दिसतं. पांढऱ्या कागदात चमक आणणारी रसायनं असतात, त्यामुळे तुम्हाला जवळचे वाटणारे दोन रंग तिला बरेच वेगळे दिसू शकतात, किंवा उलट. लॅमिनेशन नकोच, चकाकीवरूनही ती ओळखेल.

शिवाय जांभूळ भरात असताना हा उद्योग करू नका. रानात मकरंद वाहत असेल तर १ मोलरच्या बशीकडे कोण येतंय!

कुंभा:
चुकीच्या कार्डावर साधं पाणी चालेल? अशा प्रयोगांत वापरतात ते कडू क्विनाइन कॉलेजात नाही.

पर्णपाचू:
पाण्याने शिकतील, पण चुकल्याचं फारसं काही बिघडत नसल्याने घाईघाईत कुठेही बसतात. उन्हाळ्यात तर वसाहतीला पाणी हवंच असतं. चुकीला कडू चव असली की माशी कार्डासमोर क्षणभर तरंगून मग ठरवते. मेलिफेरात पाण्याऐवजी क्विनाइन वापरल्यावर जवळच्या रंगांतली अचूकता वाढलेली दिसलीय (२०१०). मात्रा ६० मिलिमोलर, म्हणजे १०० मिलीला साधारण २.४ ग्रॅम क्विनाइन हायड्रोक्लोराइड. सल्फेट मागवू नका, ते पाण्यात नीट विरघळत नाही.

तेही नसेल तर मीठ, पण कडक: ३ मोलर, लिटरला १७५ ग्रॅम. चिमूटभर टाकलंत तर उलटंच होईल, किंचित खारट पाणी माश्या आपणहून शोधतात.

रानजाई:
अर्ध्या माश्यांना हिरवट निळ्यावर साखर द्या. माश्यांची निळ्या-जांभळ्याकडे मुळातच ओढ असते. एकाच दिशेने शिकवलंत तर शिकणं कुठलं आणि ओढ कुठली हे वेगळं काढता येणार नाही. चाचणी थोडक्यात आटपा, २-३ मिनिटं. रिकाम्या कार्डांवर जास्त वेळ ठेवलं तर शिकलेलंही विरतं, म्हणून दोन चाचण्यांमध्ये साखरेच्या एक-दोन फेऱ्या होऊ द्या. आणि १० माश्यांचे २०० स्पर्श म्हणजे २०० नमुने नव्हेत, नमुने दहाच. परीक्षक हमखास इथेच पकडतात.

पर्णपाचू:
वेळ उरला तर एक तिसरं कार्डही ठेवून बघा: बक्षिसाच्या निळ्याच्या पलीकडचं, चुकीच्या रंगापासून आणखी लांब. १९५९ च्या प्रयोगात ५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर दाणे आणि ५५५ वर काही नाही, असं शिकवलेली कबुतरं सर्वांत जास्त टोचा ५४० च्या आसपास मारत होती, ५५० वर नाही. तुमच्या माश्या तिसऱ्या कार्डावर गेल्या तर लगेच 'शिकल्या नाहीत' असं लिहू नका.