अनुभव धागा : घराचा प्लॅन कशात काढलात, मापं कशी घेतलीत?

गोव्यात डिचोलीतलं आमचं वडिलोपार्जित घर दुरुस्तीला काढायचं आहे. न्हाणीघर घराच्या आत घ्यायचं, राजांगण, म्हणजे घरामधलं उघडं अंगण, आहे तसंच ठेवायचं, माडीवर एक खोली वाढवायची. इंजिनिअरकडे जाण्याआधी आहे त्या घराचा नीट मोजलेला प्लॅन स्वतः काढावा असं फार मनात आहे. सॉफ्टवेअरची नावं हवी तेवढी मिळतात, ती नकोत. ज्यांनी इथलं घर किंवा फ्लॅट खरोखर मोजून काढला, त्यांनी लिहावं. कशात काढलात, तेच का निवडलंत, कुठे अडलं आणि तो कागद पुढे कुणाच्या उपयोगी पडला?

ड्राफ्ट्समन, म्हापसा

दिवसभर हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्या ऑफिसात ऑटोकॅड. नकाशे काढायचं १९८२ पासूनचं सॉफ्टवेअर. त्याची डीडब्ल्यूजी फाइल स्ट्रक्चरच्या इंजिनिअरपासून नकाशा मोठ्या कागदावर छापून देणाऱ्या दुकानापर्यंत सगळीकडे उघडते, हेच त्याचं खरं बळ. पण आता ते कायमचं विकत मिळत नाही, मुदतीचं भाडं भरत राहावं लागतं. एका घरासाठी तो खर्च करू नका.

त्याआधी एक गोष्ट पक्की करा : तुम्हाला कुठलं क्षेत्रफळ हवंय? आतून ३ बाय ४ मीटरची खोली घ्या. आतलं क्षेत्र १२ चौरस मीटर. चारी बाजूंना २३० मिलिमीटरची भिंत धरून बाहेरून मोजलं तर १५.४३. जुन्या घरातली ४५० मिलिमीटरची भिंत असेल तर १९.११. खोली तीच, आकडे तीन. पंचायतीच्या फाइलीत कव्हरेज, म्हणजे घराने व्यापलेली जागा, दाखवायला बाहेरची कड लागते. टाइल्सचा हिशेब करायला आतली. म्हणून जे सॉफ्टवेअर प्रत्येक भिंतीची जाडी वेगळी घालू देतं आणि तुम्ही आखाल त्याच रेषेच्या आतलं क्षेत्र सांगतं, ते चांगलं. आम्ही बाहेरच्या कडेची एक बंद पॉलिलाइन (सलग जोडलेली रेषा) आणि आतल्या कडांच्या वेगळ्या पॉलिलाइन अशा दोन लेयरवर, म्हणजे एकाच फाइलीतल्या वेगवेगळ्या थरांवर, ठेवतो. पॉलिलाइन कुठे उघडी राहिली आहे का, ते आधी बघतो.

दुसरं युनिटचं. इथे जमीन चौरस मीटरमध्ये, एक-चौदाच्या जमिनीच्या उताऱ्यावरही तेच. पण मेस्त, म्हणजे गवंडी, बोलतो फूट-इंचांत. इंचांत काढलेली फाइल मिलिमीटर समजून उघडली की घर २५.४ पटींनी लहान होतं. फाइल हातात आली की मी आधी एका दाराची रुंदी मोजतो. ९०० च्या आसपास आली तर मिलिमीटर, ३६ आली तर इंच.

शिक्षिका, साखळी

मी स्वीट होम थ्रीडी वापरलं. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि भिंतींनी बंद केलेल्या जागेत खोलीचं साधन घेऊन डबल क्लिक केलं की क्षेत्रफळ तिथेच लिहून येतं. टेपचं एक टोक यजमानांनी धरलं, दुसरं मी, आणि लेकाने आकडे वहीत उतरवले.

आमचं घर चिऱ्यांचं, जुनं. एकही खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. स्वयंपाकघराच्या समोरासमोरच्या भिंती सारख्याच भरल्या, ३ आणि ४ मीटर. पण एक कर्ण ५.०६ आला आणि दुसरा ४.९४. काटकोन असता तर दोन्ही बरोबर ५ आले असते. या सॉफ्टवेअरमध्ये भिंत ओढताना ती १५ अंशांच्या पटीत चिकटते, त्यामुळे तिरकी भिंत जबरदस्तीने सरळ होते. ते मॅग्नेटिझम बंद करायचं, भिंत ओढताना एंटर दाबायचं आणि लांबी, कोन, जाडी स्वतः टाइप करायची. मग घर जसं आहे तसं उमटतं. जाडी तर घालायचीच, आपोआप येणारी भिंत फार पातळ असते.

पुढे इंजिनिअर म्हणाले डीडब्ल्यूजी द्या, ती यातून निघत नाही. पीडीएफ दिली आणि सोबत वहीची पानं दिली. त्यांनी वही जास्त वेळ बघितली.

धागाकर्ता

ताई, कर्णाचं हे फार मोलाचं. कोन मोजायला काय वापरलंत?

शिक्षिका, साखळी

कोन मोजलाच नाही. दोन भिंती आणि कर्ण, अशा त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून लेकाने गणित करून काढला. दहावीत आहे, त्याला तेवढंच निमित्त.

सर्व्हे खात्यातून निवृत्त, केपे

गणितही लागत नाही. लिब्रेकॅड घ्या, फुकट आहे. एक भिंत आधाररेषा म्हणून आखा. तिच्या एका टोकावरून शेजारच्या भिंतीएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा, दुसऱ्या टोकावरून कर्णाएवढ्या त्रिज्येचं. दोन्ही जिथे छेदतात तो तिसरा कोपरा. आम्ही शेतं मोजली ती याच रीतीने, त्रिकोण पाडून. लिब्रेकॅड डीएक्सएफ नावाच्या फाइलीत साठवतं आणि ती ऑटोकॅडमध्ये उघडते, त्यामुळे ताईंना आलेली अडचणही येत नाही. थ्रीडी मात्र यात नाही.

लेसर मीटर घेणार असाल तर दोन सूचना. राजांगणात भर उन्हात लाल ठिपका दिसत नाही, तिथे टेपच बरी. आणि यंत्र सहसा आपल्या मागच्या कडेपासून मोजतं, म्हणून ती कड भिंतीला टेकलेली हवी.

फर्निचरचं काम, फोंडा

मी स्केचअपवाला, थ्रीडी चित्र काढायचं सॉफ्टवेअर. घराच्या प्लॅनसाठी नव्हे, ओट्यासाठी आणि कपाटांसाठी. गिऱ्हाइकाला वरून बघितलेला नकाशा कळत नाही, पण ओट्यावरचं कपाट डोक्याला लागेल का हे स्क्रीनवर उभं दाखवलं की लगेच कळतं. वहिनी स्वतः सांगतात, मिक्सर इकडे हवा. ब्राउझरवरचं फुकट व्हर्जन शिकायला पुरतं, पण त्यातूनही डीडब्ल्यूजी काढता येत नाही. कामाला लागायचं तर पैसे भरून घ्यावं. आणि मापं गिलावा झाल्यावरच घ्या, भाऊ. दोन्ही बाजूंना १२-१२ मिलिमीटर गेले की मापात बसणारं कपाट अडकलंच समजा.

फ्लॅट घेतलेली, पर्वरी

माझा प्रश्न वेगळा होता : पैसे भरलेले चौरस मीटर खरंच मिळाले का? २०१६ च्या रेरा कायद्यात (घरखरेदीचा केंद्राचा कायदा) कार्पेट एरियाची, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेची, व्याख्या स्पष्ट आहे. आतल्या पार्टिशनच्या भिंती त्यात धरायच्या. बाहेरच्या भिंती, पाइपांचे शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. करारात एकच आकडा होता आणि बाल्कनी त्यात आहे की नाही हे बिल्डरच्या ऑफिसात प्रत्येक जण वेगळं सांगायचा. मी छापील प्लॅनचा फोटो स्वीट होम थ्रीडीत मागे ठेवला, त्यावरच्या एका माहीत असलेल्या लांबीवरून स्केल लावलं आणि खोल्या आखल्या. फ्लॅटमध्ये जाऊन टेपनेही मोजलं. आकडा बाल्कनीसकट होता. लेखी विचारल्यावर त्यांनी करारात बाल्कनी वेगळी दाखवली आणि कार्पेटचा आकडा कमी करून हिशेब बदलला. चौरस फुटांत विचारलं तर १०.७६४ ने गुणायचं. ७० चौरस मीटर म्हणजे सुमारे ७५३ चौरस फूट. हे प्रत्येकाने सही करण्याआधी करावं असं मला कळकळीने वाटतं.

आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, पणजी

कॉलेजात रेव्हिट हे सॉफ्टवेअर. भिंत एकदा काढली की प्लॅन, सेक्शन (उभा छेद), एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू) एकदम बदलतं, त्यामुळे माडी वाढवताना जिना कुठे येतो ते चटकन दिसतं. विद्यार्थ्यांना परवाना फुकट मिळतो, पण तो शिकण्यापुरताच. घरच्यांच्या फाइलीसाठी तो वापरता येत नाही. एका घरासाठी रेव्हिट शिकायला बसू नका.

पेडणे

आम्ही फोनने केलं. पुतण्याकडे प्रो मॉडेलचा आयफोन आहे, त्यात लायडार, म्हणजे लेसरने अंतर मोजणारा सेन्सर, असतं. खोलीत फिरत गेलं की भिंती आपोआप आखल्या जातात. चवथीला सगळी भावंडं घरी जमली होती, तेव्हाच करून घेतलं. कुणाची खोली कुठली, दुरुस्ती कुणी करायची, हे बोलायला समोर चित्र हवं होतं. त्या कामाला ते उत्तम.

पण घर मातीच्या हातभर जाड भिंतींचं, आणि फोनला दिसतात फक्त आतले पृष्ठभाग. खोल्या एकमेकींना जोडताना भिंतींची जाडी अंदाजाने आली. ती मग प्रत्येक चौकटीत, उंबऱ्यावर टेप आडवी धरून मोजली. आरशाच्या कपाटाजवळ भिंत भलतीच आली, म्हणून आरसा चादरीने झाकून परत फिरवला. डिचोलीकरांनी खोल्यांची ठेवण फोनने घ्यावी, जाडी आणि कर्ण टेपने घ्यावेत, आणि सगळं लिब्रेकॅडमध्ये बसवावं. आमच्या इंजिनिअरने डीएक्सएफ आणि मापांची वही दोन्ही मागून घेतली आणि येऊन फक्त चार जागी पडताळून पाहिलं.