'चाकोरीबाहेरची नटी' की 'अभिनेत्री'? शांता आपटे यांच्या निमित्ताने

प्रश्न :

शांता आपटे यांच्यावरील एका छोट्या चरित्रलेखाची सुरुवात मी अशी केली होती : 'शांता आपटे ही मराठी बोलपटातील चाकोरीबाहेरची नटी होय.' तपासून परत आलेल्या कागदावर 'ही'च्या जागी 'या' आले होते आणि 'नटी' खोडून 'अभिनेत्री' लिहिले होते. पहिली दुरुस्ती लगेच पटली. दुसरीबद्दल मात्र शंका आहे. १९३२च्या 'श्यामसुंदर'पासून पडद्यावर दिसलेल्या, १९३४च्या 'अमृतमंथन'पासून प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटांतून घरोघरी पोहोचलेल्या या बाईंना त्यांच्या काळातले लोक नटीच म्हणत असत. मग त्यांच्याविषयी लिहिताना तो शब्द आज अनादराचा का ठरावा?

प्रतिसाद १ :

अनादर शब्दाच्या अर्थात नाही, वापराच्या इतिहासात आहे. 'नट' या पुल्लिंगी रूपाला मराठीने नटवर्य, नटश्रेष्ठ, नटसम्राट अशा पायऱ्या चढवल्या. 'नटी'ला तशी एकही पदवी लाभली नाही. उलट 'नटणे' आणि 'नटवी' हे शब्द तिच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांची छाया तिच्यावर पडली. गंमत अशी की संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधाराबरोबर येणारी नटी ही मानाची व्यक्ती आहे. 'शाकुंतला'त ग्रीष्माचे गाणे तीच गाते. मराठी संगीत नाटकाने ही जोडी उचलली तेव्हा नावाजलेल्या मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुष करीत, म्हणजे नटी हा शब्द रंगभूमीवर आधी आला आणि बाई नंतर आली. 'अभिनेत्री' हा शब्द व्याकरणाने 'अभिनेता'चे सरळ स्त्रीलिंग असल्यामुळे त्याला हा भूतकाळ नाही, आणि म्हणूनच तो काहीसा धुतल्यासारखा वाटतो. चरित्रलेखात आपल्या निवेदनासाठी 'अभिनेत्री' वापरावा, आणि त्या काळच्या लोकांचे बोलणे सांगताना 'नटी' तसाच ठेवावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद २ :

माझा आक्षेप 'नटी'वर नसून 'चाकोरीबाहेरची'वर आहे. बैलगाड्यांच्या जाण्यायेण्याने रस्त्यात चाकांची जी खोल रेघ पडते ती चाकोरी. ती पडायला आधी पुष्कळ गाड्या जाव्या लागतात. १९३२ साली मराठी बोलपट नुकताच बोलू लागला होता. 'अयोध्येचा राजा' त्याच वर्षीचा. बोलपटातल्या गाणाऱ्या बाईची चाकोरी तेव्हा पडलेलीच नव्हती, तर शांताबाई तिच्याबाहेर कशा जाणार? चाकोरी होती ती घरातल्या बाईची, आणि 'कुंकू' (१९३७) मधली नीरा तिच्याबाहेर पाऊल टाकते. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लावलेले लग्न ती मानत नाही, अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने झोडपते, आणि अमेरिकन कवी लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. 'कुंकवाचा धनी' या शब्दप्रयोगातील धनीपणालाच त्या भूमिकेने आव्हान दिले. तेव्हा विशेषण लावायचेच असेल तर ते भूमिकेचे आहे की बाईंचे, हे लेखात स्पष्ट व्हायला हवे.

बाईंविषयी सांगायचे तर त्यांचे स्वतःचे तीन शब्द कोणत्याही विशेषणापेक्षा जास्त सांगतात. १९४० साली त्यांनी पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'जाऊ मी सिनेमात?' येथे विभक्ती पाहावी. आपण 'सिनेमाला जातो' तेव्हा तिकीट काढून खुर्चीत बसतो. 'सिनेमात जातो' तेव्हा परत येण्याची वेळ ठरलेली नसते. 'तमाशाला गेला' आणि 'तमाशात गेला' यांतही हेच अंतर आहे, आणि दुसरे वाक्य ऐकून घरच्यांचा चेहरा का पडतो ते वेगळे सांगायला नको. पण हीच सप्तमी 'गिरणीत जाते', 'सैन्यात गेला' येथेही आहे, म्हणजे ती कामाची सप्तमी आहे. स्टुडिओत कलावंत करारावर व महिन्याच्या पगारावर बांधलेले असत, आणि शांताबाईंनी त्या धंद्याकडे काम करणाऱ्याच्या बाजूने पाहिले. त्यामुळे 'सिनेमात' हे 'गिरणीत'च्या जास्त जवळचे आहे असे मला वाटते. 'जाऊ' या रूपाचीही मौज अशी की 'आई, जाऊ मी?' ही परवानगी झाली आणि 'आता जाऊ की नको?' हा स्वतःशी केलेला विचार झाला. शीर्षकात 'का' नसल्याने दोन्ही अर्थ शाबूत राहिले आहेत.

प्रतिसाद ३ :

एक छोटी भर. १९३९ साली कराराच्या वादातून शांताबाई पुण्यात प्रभातच्या फाटकाशी अन्न वर्ज्य करून बसल्या, याला सर्वत्र 'उपोषण' म्हटले जाते. ते चूक नाही, पण मराठीत यापेक्षा नेमका शब्द आहे : धरणे. घेणेकरी देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसे आणि त्याने देणेकऱ्यावर दबाव येई, ती ही जुनी रीत. उपोषण घरी बसूनही करता येते. धरण्याला दार लागते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर :

तिघांचे आभार. 'धरणे' लेखात घेतला आहे, मात्र आजच्या वाचकाला त्यातून मोर्चाच आठवेल म्हणून 'अन्नावाचून' हा शब्द जोडावा लागला. 'चाकोरीबाहेरची' काढून टाकले. प्रभात सोडल्यानंतर १९४१च्या तमिळ 'सावित्री'त त्या नायिका होत्या आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद, हा तपशील त्या विशेषणाच्या जागी बसवला. तो वाचल्यावर विशेषणाची उणीव भासत नाही. पहिले वाक्य आता असे आहे : 'प्रभातच्या पडद्यावर नीरा झालेल्या आणि प्रभातच्या फाटकाशी धरणे धरून बसलेल्या शांता आपटे या गायिका व अभिनेत्री होत्या, त्यांचे समकालीन त्यांना नटी म्हणत.'